दोनदा धरलेला विषय

३ मे, शुक्रवार

प्राचार्यांनी बोलावून घेतलं. खुर्ची दिली, पाणी दिलं, तेव्हाच ओळखलं की बातमी वाईट. हा माणूस चांगली बातमी उभ्याउभ्या सांगतो.

"सर, तुमच्या विभागात यंदा किती मुलं?"

"अकरा."

"त्यातली वर्गात किती येतात?"

एकवीस वर्षं अर्थशास्त्र शिकवतोय आणि नऊ वर्षं विभागप्रमुख आहे. नेमका आकडा टाळणं एवढं तरी मला जमतं. "कल वाढता आहे," म्हणालो.

ते हसले नाहीत. नव्या वर्षात तीस मुलं आली नाहीत तर विभाग बंद आणि माझी रवानगी ग्रंथालयात. तिथे भूगोलाचे सर आधीच बसलेत, त्यांचा विभाग दोन वर्षांपूर्वी गेला. परवा ते फाटक्या पुस्तकांच्या पाठीला चिकटपट्टी लावत होते. मला पाहून म्हणाले, "या, जागा आहे." मी घाईत असल्याचं दाखवलं.

प्राचार्यांच्या मते मार्ग एकच. समोरच्या काचेच्या इमारतीत व्यवस्थापन विभाग आहे, तिथे मुलांची रांग लागते. त्यांच्याशी हातमिळवणी करून जोडपदवी काढायची. म्हणजे पदवी आमच्या अर्थशास्त्राची, तिच्यावर पदव्युत्तर पदवी त्यांच्या व्यवस्थापनाची, आणि दोन्ही एकाच प्रवेशात. अडला हरी, दुसरं काय. मी हो म्हणालो.

११ मे, शनिवार

त्यांच्या विभागप्रमुखांना आमच्या स्टाफरूममध्ये टायवाले म्हणतात. अंगाची लाही होत असतानाही त्यांच्या गळ्यात टाय असतो. वयाने माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. बोलताना हाताने हवेत चौकोन काढतात आणि मग त्या चौकोनाकडे बघतात.

अडचण अशी होती: आमची तीन वर्षं आणि त्यांची दोन, मिळून पाच. पाच वर्षं ऐकली की पालक पळतात. चारात बसवायचं होतं. एक वर्ष कापायचं कुठून? दोन तास खल झाला. मी त्यांचे विषय कापायला निघालो, ते माझे.

मग टायवाल्यांनी चौकोन काढला. "सर, सांख्यिकी तुमच्याकडेही आहे आणि आमच्याकडेही. शिकवायची एकदा, धरायची दोन्हीकडे. असे आणखी विषय शोधू, वर्ष आपोआप वाचेल."

दरवर्षी मी पहिल्या वर्गाला सांगतो, गहू मोजला, मग पीठ मोजलं, मग पाव मोजला तर एकच गहू तीनदा मोजला जातो. दुहेरी मोजणी हे पाप आहे. परीक्षेत कोणी केली तर मी शून्य देतो. आज मी टाळी दिली. विभाग वाचत असेल तर गव्हाचं पुढे बघता येईल.

सांख्यिकी कोण शिकवणार हा प्रश्न फारच गोडीत सुटला. मी म्हणालो, "तुमच्याकडे नवे संगणक आहेत." ते म्हणाले, "तुमच्या अनुभवापुढे आम्ही कोण?" मी म्हणालो, "छे छे." ते म्हणाले, "असं कसं?" एवढ्यात चहा आला. इतिवृत्तात 'संयुक्त जबाबदारी' असं लिहिलं. विषय त्यांच्या गळ्यात मारला, आणि तेही त्यांना न दुखावता. मला वाटतं, या मुत्सद्देगिरीची लोकांना कल्पना नाही.

१९ मे, रविवार

हिला सगळी योजना सांगितली. ही रुग्णालयात मुख्य परिचारिका आहे, त्यामुळे कौतुक करण्याची सवय नाही. भाजी निवडता निवडता ऐकत होती.

"सांख्यिकी दोघांकडे?"

"दोघांकडे. संयुक्त."

"आमच्याकडे पाळी बदलताना कोणी म्हणालं ना, की 'औषध आम्ही दोघींनी बघितलंय', तर मी आधी पेशंटलाच विचारते, बाबा, गोळी मिळाली का? दोघींचं काम असलं की एक तर गोळी दोनदा जाते, नाहीतर जातच नाही."

"अगं, हे विद्यापीठीय काम आहे."

"असेल. दोन घरचा पाहुणा उपाशी, एवढंच मला ठाऊक आहे."

म्हणींवर देश चालत असते तर अर्थशास्त्र कशाला लागलं असतं? पण हिला तसं म्हणालो नाही. उद्या तिची सकाळची पाळी आहे आणि डबा तीच करते.

२८ जून, शुक्रवार

एकोणतीस.

माहितीपत्रकावर टायवाल्यांनी छापलं होतं, 'दोन पदव्या, चार वर्षं, एक तुम्ही.' पोरं आली. एकोणतीस आली आणि थांबली. प्रवेशाची मुदत उद्या दुपारी संपते. हेडक्लार्क दर अर्ध्या तासाने दारातून डोकावून मान हलवतात. चांगले गृहस्थ आहेत, पण मान हलवायची त्यांची पद्धत अशी की माणसाला आपलं सुतक आल्यासारखं वाटावं.

भूगोलाचे सर जिन्यात भेटले. हातात चिकटपट्टीचं नवं रीळ होतं.

२९ जून, शनिवार

ठकूचा प्रवेश केला. ठकू म्हणजे आमची लेक.

खरं तर तिचं नाव शहराच्या दुसऱ्या टोकाच्या कॉलेजात लागलं होतं, नुसत्या सांख्यिकीला. तिला लहानपणापासून मोजायचं वेड. चौथीत असल्यापासून बस किती मिनिटं उशिरा आली हे वहीत लिहिते. सहा वह्या भरल्यात. मी विचारलं होतं एकदा, याचं करणार काय? म्हणाली, "अजून माहीत नाही बाबा. म्हणून तर शिकायचंय."

सकाळी तिला समोर बसवलं. म्हणालो, "तिथे सांख्यिकी एकदा शिकशील. इथे तीच सांख्यिकी दोन पदव्यांत धरली जाते. शिवाय दोन पदव्या. शिवाय घराजवळ."

तिने फॉर्म हातात घेऊन वरपासून खालपर्यंत वाचला. मग म्हणाली, "तुम्हाला वाटतं मी इथे यावं?"

"मला तुझं भलं वाटतं."

"बरं," म्हणाली, आणि फॉर्म भरला.

तिसावी जागा रिकामी होती हे तिला सांगितलं नाही. एकाला माहीत असतं आणि दुसऱ्याला नसतं तेव्हा व्यवहार कसा फसतो, यावर आमच्याकडे एक अख्खा धडा आहे. पण तो तिसऱ्या सत्रात येतो.

ही दिवसभर माझ्याशी बोलली नाही. पाळी लांबली असावी.

१६ जुलै, मंगळवार

जोडपदवी सुरू झाली. प्राचार्यांनी फीत कापली, कात्री बोथट होती, शेवटी टायवाल्यांनी ओढून तोडली. माझं भाषण छान झालं.

अकरा वाजता बाहेर आलो तर नव्या तुकडीतली पंधरावीस मुलं पायऱ्यांवर गप्पा छाटत बसलेली. त्यातले काही म्हणे काचेच्या इमारतीतून इकडे आले होते आणि काही इकडून तिकडे निघाले होते. पहिल्याच दिवशी ही तऱ्हा! दटावलं. "तुमचा आत्ता कुठला तास आहे?" एकाने सांगितलं, "सांख्यिकी, सर." म्हणालो, "मग इथे काय करताय? जा!" सगळे उठले आणि अर्धे एकीकडे, अर्धे दुसरीकडे गेले. शिस्त लावावी लागते.

८ ऑगस्ट, गुरुवार

पायऱ्यांवर पुन्हा तीच गर्दी, पुन्हा अकराला. प्राचार्यांना पत्र लिहिलं: विद्यार्थ्यांत मोकाट फिरण्याची प्रवृत्ती बळावते आहे. विशेषतः मंगळवारी आणि गुरुवारी.

जेवताना ठकू म्हणाली, "बाबा, सांख्यिकीला अजून कोणी आलं नाही."

"येतील. त्यांच्याकडे माणसं बाहेरून येतात, वेळ लागतो."

"ते म्हणतात, तुमच्याकडे आहे."

"असं म्हणायची पद्धत असते त्यांची. व्यवस्थापन म्हणजे तेच तर." या विनोदावर कोणीच हसलं नाही. हिने ठकूच्या ताटात वाढलं आणि माझ्याकडे बघितलं. मी विद्यापीठाचा कागद वाचत होतो.

१७ सप्टेंबर, मंगळवार

काही विशेष नाही. पायऱ्यांवर बसण्यास मनाई असल्याची पाटी लावली. आता मुलं पाटीखाली उभी राहतात.

१२ डिसेंबर, गुरुवार

आजचा दिवस गुण भरण्यात गेला. हेडक्लार्क म्हणाले, "सर, सांख्यिकीचे अंतर्गत गुण तेवढे राहिलेत."

"ते व्यवस्थापनवाले देतील."

"फॉर्मवर दोन्ही विभागांचे रकाने आहेत, सर."

विषय दोन्हीकडे धरायचा म्हणजे गुणही दोन्हीकडून हवेत, हे बरोबरच आहे. आता मी काही त्या मुलांना सांख्यिकी शिकवली नाही. पण त्यांचे इतर विषयांतले गुण समोर होते, त्यावरून अंदाज बांधता येतो. आमचं शास्त्रच मुळी अंदाजांवर उभं आहे. सगळ्यांना सत्तर ते अठ्ठ्याहत्तरच्या दरम्यान दिले. ठकूला चौऱ्याहत्तर लिहिले होते, पण पोटच्या पोरीला झुकतं माप दिलं असं कोणी म्हणू नये म्हणून तीन कमी करून एक्काहत्तर केले. अशा वेळी माणसाची खरी कसोटी लागते.

१० जानेवारी, शुक्रवार

जमेल तसं लिहितो.

संध्याकाळी ठकूने गुणपत्रक माझ्यापुढे ठेवलं. "बाबा, सांख्यिकीला दोन आकडे आहेत."

"दोन्हीकडे धरतात ना. मी तेव्हाच सांगितलं होतं."

"एक्काहत्तर आणि अठ्ठ्याऐंशी. हे कशाचे गुण आहेत?"

"सांख्यिकीचे."

"ती कोणी शिकवली?"

"त्यांनी."

"त्यांचे सर म्हणतात, तुम्ही. मला म्हणाले, विभागप्रमुखांची मुलगी म्हणून आम्ही सढळ हाताने दिलेत." मग तिने बसची वही काढली. मागच्या पानांवर तारखा होत्या, मंगळवार, गुरुवार, मंगळवार, गुरुवार. प्रत्येकीपुढे एकच शब्द, 'नाही'. अडतीस वेळा.

"अडतीस तासांत एकही तास झाला नाही, बाबा. मी ऑगस्टमध्ये सांगितलं होतं तुम्हाला."

म्हणालो, सांगितलं असतंस तर मला आठवलं असतं. ती आत गेली. मग मी ही दैनंदिनी काढून मागची पानं चाळली. ८ ऑगस्ट. सगळं आहे, माझ्याच अक्षरात. १६ जुलैही वाचलं. तो पोरगा सांगत होता की तास सांख्यिकीचा आहे, आणि मी त्यांना हाकलत होतो.

लाज वाटली. लिहून ठेवतो, कारण उद्यापर्यंत मी या लाजेवरही काहीतरी उपाय शोधीन.

१३ जानेवारी, सोमवार

टायवाल्यांकडे गेलो. ऐकता ऐकता त्यांनी प्रथमच टाय सैल केला.

"म्हणजे तुम्ही शिकवत नव्हता?"

"तुमच्याकडे संगणक होते!"

"तुमच्याकडे अनुभव होता!"

चहा आला. दोघांनी घेतला. मग त्यांनी हवेत एक चौकोन काढला, अगदी लहान. "सर, तीसपैकी तीस पास आहेत. पुढच्या महिन्यात तपासणी समिती येतेय. शंभर टक्के निकालाचा विषय असं म्हटलं तर खोटं नाही ना ते?"

खोटं नव्हतं. मी पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं, वाक्यात खोटं काहीच नव्हतं.

५ फेब्रुवारी, बुधवार

समिती आली. तीन सदस्य होते, त्यातल्या एकाला झोप येत होती. सांख्यिकीच्या निकालाचा तक्ता पाहून मधले सदस्य म्हणाले, "इतरांनी अनुकरण करावं असा नमुना आहे." टायवाल्यांनी तो शब्द लगेच लिहून घेतला.

मग विद्यार्थ्यांशी संवाद झाला. मधल्यांनी विचारलं, "सगळ्यांत आवडता विषय कोणता?" पोरं एकमेकांकडे बघायला लागली. ठकू उभी राहिली.

"सांख्यिकी."

"वा! काय आवडलं त्यात?"

"ते शिकवायला कोणी आलं की सांगते, सर."

मधल्यांनी प्राचार्यांकडे पाहिलं. मग टायवाले मोठ्याने हसले. त्यांच्यामागून प्राचार्य हसले, मग समिती हसली, झोपलेले सदस्यही जागे होऊन हसले. अहवालात लिहिलं गेलं: विद्यार्थ्यांत आत्मविश्वास आणि विनोदबुद्धी आढळली.

मीही हसलो. ठकू माझ्याकडेच बघत होती.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी चहाच्या कपाखाली कागद होता. प्रवेश रद्द करण्याचा अर्ज. खाली दोन सह्यांच्या जागा, एक पालकाची, एक विभागप्रमुखांची. म्हणजे दोन्ही माझ्याच.

"ठकू, मी शिकवतो तुला. घरी. रोज."

"आणि बाकीच्या एकोणतीस जणांना?"

म्हटलं आता सांगून टाकावं. "हे बघ, तुला एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी तू तिसावी होतीस. तू आली नसतीस तर विभाग गेला असता. आता गेलीस तर..."

"माहीत आहे."

"कोणी सांगितलं?"

"फॉर्मच्या कोपऱ्यात हेडक्लार्ककाकांनी पेन्सिलीने ३०/३० लिहिलं होतं. मला वाचता येतं, बाबा." ती कप विसळत होती, पाठमोरी. "म्हटलं, बाबांना गरज आहे, जाऊ या. विषय तर शिकवतीलच ना, एवढंच धरलं होतं मी."

ती आत गेल्यावर ही म्हणाली, "अहो, काल ती उभी राहिली तेव्हा तुम्ही काय केलंत?" मी सांगितलं, हसलो. हिने नुसतं "बरं" म्हटलं आणि पर्स उचलून कामावर गेली. एकवीस वर्षांत कोणी मला इतकं कमी बोलून इतकं सुनावलं नव्हतं.

१० फेब्रुवारी, सोमवार

चार दिवस अर्ज खिशात घेऊन फिरलो. स्वतःशी बराच वाद घातला. विभागात माझ्याशिवाय तीन माणसं आहेत, त्यांची घरं आहेत, हे सगळं खरं. पण ही तीन माणसं मला एरवी एवढी आठवत नाहीत.

आज पालकाच्या जागी सही केली. मग बराच वेळ थांबून विभागप्रमुखाच्या जागी केली. दोन सह्या सारख्या आल्या नाहीत. हेडक्लार्कांनी अर्ज घेतला, दोन्हीकडे नीट पाहिलं, आणि यावेळी मान हलवली नाही.

भूगोलाच्या सरांना भेटून आलो. म्हणालो, जागा आहे ना अजून? ते सरकून बसले.

११ फेब्रुवारी, मंगळवार

प्राचार्यांनी बोलावलं. उभे होते. मी चाट पडलो, कारण हा माणूस चांगली बातमी उभ्याउभ्या सांगतो.

"काळजी करू नका, सर. जोडपदवी चालूच राहील."

"पण एकोणतीसच राहिले. नियम तीसचा आहे."

"नियम प्रवेशांचा आहे. प्रत्येक मुलाचे प्रवेश किती? दोन पदव्यांना दोन. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न." ते खुशीत होते. "काल विद्यापीठाला विचारलं, त्यांनी मान्य केलं. उलट आपण दुप्पट भरलोय!"

मी आभार मानले. बाहेर आलो, जिना उतरलो, आणि शेवटच्या पायरीवर, माझ्याच पाटीखाली, बसलो. तिथे बसून हिशेब कळला. अठ्ठावन्न चालतात तर तीसही तसेच चालले असते. जूनमध्येच पंधरा पोरं पुरली असती. माझ्याकडे एकोणतीस होती. ठकूची गरजच नव्हती.

तिचं वर्ष गेलं. दुसऱ्या टोकाच्या कॉलेजात आता पुढच्या जुलैलाच घेतील. हे तिला सांगायला हवं, आणि ते मलाच सांगायला हवं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सांगितलं. ती रडली. माझ्यापुढे ती आठवीनंतर रडली नव्हती. मीही रडलो, पण माझं कोणी विचारू नये.

दुपारी ग्रंथालयातून सांख्यिकीचं जुनं पुस्तक काढलं. पाठीला नवी चिकटपट्टी होती. मग हेडक्लार्कांना सांगितलं, उद्यापासून सकाळी सातला एकोणतीस जणांचा सांख्यिकीचा तास मी घेणार, खोली उघडून द्या.

"कोणाच्या नावावर टाकू, सर? आपल्या विभागाच्या की त्यांच्या?"

"कोणाच्याच नको."

"मग तो मोजणार कुठे?"

"कुठेच नाही."

ते लिहिता लिहिता थांबले. त्यांच्या रजिस्टरात तसा रकाना नव्हता.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सातला गेलो. मला वाटलं होतं चार येतील. सगळी आली, जांभया देत. पायऱ्यांवरून दटावलेला तो पोरगा पहिल्या बाकावर. आधी त्यांची माफी मागितली. त्यांना ती कुठे ठेवावी कळेना, एकदोघांनी टाळ्या वाजवल्या.

हजेरी घेतली, एकोणतीस. पाठ वळवून फळा पुसला, पुन्हा वळलो तर शेवटच्या बाकावर ठकू बसलेली होती. वही उघडी. हजेरीपटावर तिचं नाव आता नाही.

सरासरीपासून सुरुवात केली. म्हटलं, तुम्हाला आज बससाठी किती मिनिटं थांबावं लागलं, एकेक जण सांगा. आकडे फळ्यावर लिहीत गेलो, पाच, बारा, शून्य, सात. चालत येणाऱ्यांनीही शून्य सांगितलं, ते मोडीत काढावं की ठेवावं यावर छान भांडण झालं. एकवीस वर्षांत माझ्या वर्गात कोणी भांडलं नव्हतं. शेवटी बेरीज केली आणि किती आकडे आहेत ते मोजून भागायला निघालो.

"एकतीस," म्हणालो.

मागून आवाज आला, "सर."

घरी ती मला कधी सर म्हणत नाही.

"तीस आहेत, सर. पहिल्या बाकाचे बारा तुम्ही दोनदा धरलेत."

मी फळ्याकडे वळलो आणि बोट ठेवून एकेक आकडा पुन्हा मोजला. पहिल्या बाकाचे बारा खरंच दोनदा लिहिले होते. एक बारा पुसून टाकले.